बिऱ्हाड पुन्हा व्हॅक्सवर

रेल्वेच्या आरक्षणासाठी रांगेत उभे राहायचे आणि खिडकीपलीकडच्या बाबूने जाडजूड रजिस्टरात नाव लिहून घ्यायचे, हे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या खिडकीत संगणक आला तेव्हाचे अप्रूपही आठवत असेल. १९८५-८६ मध्ये ही व्यवस्था प्रथम दिल्लीत सुरू झाली. सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने ती बांधली होती. खिडकीत दिसायचा तो नुसता पडदा आणि कळफलक. खरे काम करणारे यंत्र आतल्या वातानुकूलित खोलीत असायचे. त्या यंत्राचे नाव व्हॅक्स.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीने २५ ऑक्टोबर १९७७ रोजी पहिले व्हॅक्स जाहीर केले. व्हॅक्स-११/७८० हे त्याचे पूर्ण नाव. आकार लोखंडी कपाटांच्या जोडीएवढा. त्याला जागे करण्यासाठी आत आणखी एक छोटा संगणक बसवलेला असे. तो आठ इंची फ्लॉपी वाचून मोठ्या भावाला उठवायचा. सेकंदाला दहा लाख आज्ञा असे ७८०च्या वेगाचे माप धरले गेले आणि ते इतके रूढ झाले, की पुढची कित्येक वर्षे नव्या संगणकाचा वेग ‘७८०च्या किती पट’ असाच सांगत. प्रत्यक्षात हे यंत्र सेकंदाला जेमतेम पाच लाख आज्ञा पार पाडत असे. पण एकदा माप ठरले की ठरले.

व्हॅक्सचे उत्पादन २००० साली थांबले. त्याआधीच, १९९८ मध्ये, डेक ही कंपनी कॉम्पॅकने विकत घेतली होती आणि २००२ मध्ये कॉम्पॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. म्हणजे यंत्र बंद, यंत्र बनवणारी कंपनी नाहीशी, तिला घेणारीही नाहीशी. असे असताना मार्च २०२४ मध्ये नेटबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची दहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि ती ज्या यंत्रांवर चालते त्यांच्या यादीत व्हॅक्स होते. कोणी पैसे दिले नव्हते, कोणा गिऱ्हाईकाची मागणी नव्हती. माझा भाचा संगणक कंपनीत नोकरीला आहे. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मामा, तुझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये अशी हजारो व्हॅक्स मावतील. मग हा खटाटोप कशासाठी?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, थोडा इतिहास पाहावा लागतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाच्या घरातला कारभारी. स्मृतीची जागा कोणाला किती द्यायची, डिस्कवर काय कुठे ठेवायचे, कोणत्या प्रोग्रामने किती वेळ वापरायचा, हे तो ठरवतो. पूर्वी हा कारभारी यंत्राबरोबरच जन्माला येई आणि यंत्राबरोबरच संपे, कारण तो त्या यंत्राच्या खास सांकेतिक भाषेत लिहिलेला असे. दुसऱ्या यंत्रावर त्याचा उपयोग शून्य. बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केली तेव्हा तीही अशीच एका यंत्राला जखडलेली होती. १९७३ मध्ये तिचा गाभा सी या भाषेत नव्याने लिहिला गेला आणि मग प्रथमच कोणाच्या तरी मनात आले, की हे बिऱ्हाड उचलून दुसऱ्या घरी नेता येईल. संगणकवाले याला पोर्टिंग म्हणतात. १९७७च्या सुमारास दोन ठिकाणी हा प्रयोग साधला. एक खुद्द बेल लॅबोरेटरीजमध्ये आणि दुसरा, त्यांच्यापासून हजारो मैलांवर, ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँग विद्यापीठात. तिथे रिचर्ड मिलर यांनी इंटरडेटा नावाच्या यंत्रावर युनिक्स चालवून दाखवली.

बिऱ्हाड हलवताना काय होते हे घर बदललेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जुन्या घरी भिंतीला नेमके बसणारे कपाट नव्या दारातून आतच येत नाही. संगणकात असली कपाटे पुष्कळ. त्यातले एक सांगतो, कारण मराठी माणसाला ते इंग्रजांपेक्षा लवकर कळेल. ४७ हा आकडा इंग्रजीत ‘फॉर्टी सेव्हन’ असा मोठ्या अंकापासून वाचतात. आपण ‘सत्तेचाळीस’ म्हणतो, आधी सात, मग चाळीस. मोठी संख्या स्मृतीत ठेवताना तिचे तुकडे कोणत्या क्रमाने मांडायचे यावर संगणकांचेही असेच दोन पंथ आहेत. व्हॅक्स आपल्या पंथाचे, लहान तुकडा आधी. व्हॅक्सचा पूर्वज पीडीपी-११ त्याहून मजेशीर होता. आपण १२४७ला ‘बाराशे सत्तेचाळीस’ म्हणतो, म्हणजे मोठी जोडी आधी, पण जोडीच्या आत लहान अंक आधी. पीडीपी-११ मोठ्या संख्या अगदी अशाच मांडायचा. आता एका पंथाच्या यंत्रावर लिहिलेली माहिती दुसऱ्या पंथाच्या यंत्राने वाचली तर काय होईल? युनिक्सच्या सुरुवातीच्या स्थलांतरात ‘यू-एन-आय-एक्स’ ही अक्षरे ‘एन-यू-एक्स-आय’ अशी उमटली म्हणतात. तेव्हापासून या घोटाळ्याला ‘नुक्सी प्रॉब्लेम’ हेच नाव पडले.

१९७८ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या टॉम लंडन आणि जॉन रायझर यांनी युनिक्स व्हॅक्सवर आणली. पण त्यांनी व्हॅक्सकडे मोठ्या पीडीपी-११ सारखेच पाहिले. व्हॅक्सची खरी करामत होती ती आभासी स्मृती, म्हणजे प्रत्यक्षात असलेल्या स्मृतीपेक्षा कितीतरी मोठी जागा प्रोग्रामला असल्याचे भासवायचे आणि न मावणारा भाग गुपचूप डिस्कवर ठेवायचा. तिचा उपयोगच त्यांनी केला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातील प्राध्यापक रिचर्ड फेटमन यांना गणिताच्या एका अवाढव्य प्रोग्रामसाठी नेमकी तीच हवी होती. काम अंगावर घेतले ओझाल्प बाबाओग्लू या तुर्की विद्यार्थ्याने आणि बिल जॉय याने. हाच जॉय पुढे सन मायक्रोसिस्टीम्सच्या संस्थापकांपैकी एक झाला.

त्यांच्यापुढची अडचण मोठी गोड होती. स्मृती भरली की कोणते पान डिस्कवर हलवायचे? अर्थात जे बराच वेळ कोणी वाचले नाही ते. पण कोणते पान अलीकडे वाचले गेले याची नोंद व्हॅक्स ठेवतच नसे! इतर यंत्रांत प्रत्येक पानाला तशी एक खूण असते, व्हॅक्सच्या रचनाकारांनी ती दिली नव्हती. या दोघांनी मग एक खोडी केली. पान जागेवरच असताना ‘हे पान इथे नाही’ अशी खोटी पाटी लावायची. कोणी ते मागायला आले की यंत्र अडखळते आणि कारभाऱ्याला हाक मारते. कारभारी पाटी काढतो आणि मनात नोंद करतो, की या पानाला गिऱ्हाईक आहे. ज्याची पाटी बराच वेळ कोणी हलवली नाही, ते पान बाहेर. १९७९च्या अखेरीस ही सिस्टीम ३बीएसडी या नावाने बाहेर पडली. बीएसडी म्हणजे बर्कले सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने तिच्यात पैसे घातले आणि १९८३ मध्ये आलेल्या ४.२बीएसडीमध्ये इंटरनेटचे टीसीपी-आयपी हे नियम अंतर्भूत झाले. विद्यापीठांमध्ये इंटरनेट पोहोचले ते मोठ्या प्रमाणावर या सिस्टीमच्या आणि म्हणून व्हॅक्सच्या खांद्यावर बसून.

सत्ता आली की आढ्यता येते. त्या काळचे बीएसडीवाले सारे जग व्हॅक्सच आहे असे धरून प्रोग्राम लिहीत आणि त्यावरून त्यांची टरही उडवली जाई. एक उदाहरण देतो. प्रोग्राम चुकून शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर काही वाचायला गेला, तर व्हॅक्सवरच्या बीएसडीत तिथे निमूट शून्य मिळे आणि चूक झाकली जाई. तोच प्रोग्राम सनच्या यंत्रावर नेला की तिथे त्या पत्त्यावर काहीच नसे आणि प्रोग्राम जागच्या जागी कोसळे. असे शेकडो प्रोग्राम निघाले. लोक सनला नावे ठेवत. खरे तर सनने फक्त दिवा लावला होता, कचरा आधीपासूनच पडलेला होता.

या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे. एकाच यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्राममधली चूक आणि त्या यंत्राची सवय यांच्यातला फरक ओळखता येत नाही. तो दुसऱ्या यंत्रावर नेला की कळतो.

पुढे व्हॅक्स मागे पडले. स्वस्त आणि वेगवान यंत्रे आली. बर्कलेने १९९३ मध्ये ४.४बीएसडी काढली तेव्हा तिच्या मुख्य यंत्रांत व्हॅक्स नव्हते. ज्या घरात सिस्टीम वाढली त्याच घराला कुलूप लागले. त्याच सुमारास या सिस्टीमच्या मालकीवरून कोर्टकज्जाही चालू होता. युनिक्सचे हक्क असलेल्या एटी अँड टीच्या उपकंपनीने १९९२ मध्ये दावा लावला होता, की बर्कलेच्या कोडमध्ये आमची मालमत्ता आहे. १९९४च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त तीन, आणि काहींत किरकोळ बदल. दोन वर्षे ज्या भीतीने लोक बीएसडीला हात लावायला कचरत होते, ती भीती तीन फायलींची होती. उरलेले सारे कोणीही घ्यावे, बदलावे, वाटावे असे मोकळे झाले.

ते कोर्टात अडकलेले असतानाच, मार्च १९९३ मध्ये, क्रिस डेमेट्रिऊ, थिओ द राट, अॅडम ग्लास आणि चार्ल्स हॅनम या चौघांनी नेटबीएसडीचा प्रकल्प सुरू केला. नावातले ‘नेट’ हे इंटरनेटचे, कारण कामकरी जगभर विखुरलेले होते आणि त्यांना जोडणारा धागा तोच होता. त्यांनी एक धोरण ठरवले: ही सिस्टीम जितक्या जास्त जातींच्या यंत्रांवर नेता येईल तितक्यांवर न्यायची. आणि १९९४ मध्ये, आर्क्टिक वृत्ताच्या जरा खाली असलेल्या स्वीडनमधल्या लुलेओ गावी, तिथल्या विद्यापीठाच्या संगणक मंडळातल्या आंदेर्स मॅग्नुसन याने नेटबीएसडी व्हॅक्सवर आणायचे काम सुरू केले. बिऱ्हाड परत जुन्या घराकडे निघाले.

जुनेच घर, मग त्यात अवघड ते काय, असे वाटेल. पण मधल्या वर्षांत सिस्टीम बदलली होती. तिला इंटेल आणि मोटोरोला यांच्या घरांची सवय लागली होती. व्हॅक्सचे स्मृतीचे पान ५१२ बाइटचे, म्हणजे या नोंदीतल्या एका छोट्या परिच्छेदाएवढे. नव्या सिस्टीमला ४,०९६ बाइटची पाने हवीत. मग आठ-आठ पाने एकत्र बांधून एक मोठे पान असल्याचे सोंग घ्यायचे. ‘पान इथे नाही’ अशी खोटी पाटी लावण्याची युक्तीही पुन्हा करावी लागली, कारण व्हॅक्सचा तो दोष काही पंधरा वर्षांत दुरुस्त झाला नव्हता. बर्कलेच्या जुन्या कोडमधले डिस्क, टेप चालवणारे भाग धूळ झटकून परत घेतले गेले; त्यांच्या माथ्यावरच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नाममुद्रा आजही तशाच आहेत. शिवाय ‘व्हॅक्स’ म्हणजे काही एक यंत्र नव्हे. कपाटाएवढे ७८०, १९८५ चे मायक्रोव्हॅक्स-२, टेबलावर मावणारी व्हॅक्सस्टेशन, प्रत्येकाच्या आतल्या जोडण्या वेगळ्या. एकाच आडनावाची भावकी, पण प्रत्येकाचा वाडा निराळा.

एका बाबतीत डेकला दाद द्यायला हवी. त्यांच्या कागदपत्रांना तोड नव्हती. व्हॅक्सची प्रत्येक आज्ञा, प्रत्येक खूण, अपवादांचा प्रत्येक प्रसंग यांचा ग्रंथ त्यांनी १९८७ मध्ये बाजारात विकायला ठेवला. कंपनी गेली, ग्रंथ राहिले. आजची कित्येक यंत्रे त्यांच्याहून लाखपट वेगवान असतील, पण त्यांच्या आत काय चालते ते बनवणाऱ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. तीस वर्षांनी त्यांच्यावर कोणी काही चालवू म्हटले, तर काय वाचून चालवणार?

पुण्यातल्या एका संस्थेत १९८०च्या दशकात मी व्हॅक्सवर काम केले आहे, त्यामुळे मला या प्रकाराचे कुतूहल होते. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या भंगाराच्या लिलावात मायक्रोव्हॅक्स-३१०० मिळाले. पिझ्झाच्या चार खोक्यांएवढे, वजनाला चांगले. डिस्क काढून घेतलेली होती. त्याला पडदा नसतो. तारेने दुसरा संगणक जोडून त्याच्याशी बोलायचे. त्या तारेची पिनसुद्धा डेकची स्वतःची, दिसायला टेलिफोनच्या पिनसारखी, पण खटका मधोमध नसून एका बाजूला. बाजारात मिळेना, शेवटी तार कापून डकवली. वीज दिली, स्वतःच्या तपासण्या करत यंत्राने आकड्यांची उलटी मोजणी केली आणि तीन बाणांची खूण दाखवून ते थांबले. पुढे काय चालवायचे?

इथे खरा पेच आहे. व्हॅक्सबरोबर येणारी मूळ सिस्टीम व्हीएमएस, अतिशय भक्कम. रेल्वेचे आरक्षण तिच्यावरच चाले. पण यंत्र विकत घेतले म्हणून व्हीएमएसचा परवाना मिळत नाही, तो कंपनीचा. हौशी लोकांना बिनव्यापारी वापरासाठी फुकट परवाने देण्याची एक योजना बरीच वर्षे होती. २०२० मध्ये ती बंद करत असल्याचे मालक कंपनीने जाहीर केले. व्हीएमएसची पुढची वाढ ज्या नव्या कंपनीकडे गेली तिच्या हौशींसाठीच्या योजनेत नंतरची यंत्रे आहेत, व्हॅक्स नाही. यात कोणाची दुष्ट बुद्धी आहे असे मी म्हणत नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही त्याचे कागद कोण सांभाळील? पण परिणाम पाहा. यंत्र धडधाकट, त्याची सिस्टीम कुठेतरी टेपवर शाबूत, आणि ती चालवायचा परवाना द्यायला कोणी नाही. याउलट नेटबीएसडी कोणीही उतरवून घ्यावी. मी माझ्या लॅपटॉपवरून तारेनेच ती त्या यंत्राला पाजली. सिस्टीमचा गाभा शेजारच्या संगणकाकडून मागून घेण्याची विद्या व्हॅक्सला डेकनेच जन्मतः शिकवलेली होती. थोड्या वेळाने एकेक ओळ उमटू लागली: हे माझे प्रोसेसर, ही माझी स्मृती, हे माझे इथरनेट.

त्या इथरनेटवरून आठवले. व्हॅक्सस्टेशनांत इथरनेटची जी चिप असे, ती एएमडी कंपनीची लान्स. तीच चिप सनच्या यंत्रांत आणि अमिगा या घरगुती संगणकाच्या एका कार्डावरही होती. पूर्वी प्रत्येक यंत्रासाठी ती चालवणारा प्रोग्राम वेगळा लिहीत. नेटबीएसडीवाल्यांनी चिपपुरता भाग एकदाच लिहिला आणि ‘ही चिप या यंत्रात कुठे, कशी जोडली आहे’ एवढाच भाग प्रत्येक यंत्राचा वेगळा ठेवला. आज हे कोणालाही सुचेल असे वाटते. पण ते सुचले, कारण एकच सिस्टीम डझनावारी विजोड यंत्रांवर वागवायची होती. एकाच घरात राहणाऱ्याला सामानाच्या याद्या करायची गरज पडत नाही.

आणि काळाने व्हॅक्सवर सूडही उगवला. अपूर्णांक मांडण्याची व्हॅक्सची स्वतःची पद्धत होती. १९८५ मध्ये त्यासाठी सर्वमान्य नियम ठरले ते वेगळे. त्या नियमांत ‘अनंत’ आणि ‘ही संख्याच नव्हे’ यांनाही जागा आहे. व्हॅक्सच्या पद्धतीत ती नाही. आजचे बहुतेक प्रोग्राम ‘अनंत’ आहेच असे गृहीत धरून लिहिलेले असतात. ते व्हॅक्सवर नेले की कधी बांधणीच होत नाही, तर कधी चालताचालता यंत्र हात वर करते. एके काळी सारे जग व्हॅक्स आहे असे धरणाऱ्यांमुळे इतर यंत्रांचे हाल झाले, आता सारे जग इंटेल आहे असे धरणाऱ्यांमुळे व्हॅक्सचे होतात.

या खटाटोपाविरुद्ध बोलणारेही शहाणे लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे ऐकायला हवे. नेटबीएसडीच्या संस्थापकांपैकीच थिओ द राट यांनी १९९५ मध्ये वेगळी चूल मांडून ओपनबीएसडी सुरू केली. तिथे नियम असा, की प्रत्येक यंत्राची सिस्टीम त्याच जातीच्या यंत्रावर बांधून दाखवायची. तत्त्व म्हणून हे मला फार आवडते; यंत्र स्वतःचे घर स्वतः बांधते, तेव्हाच त्याची खरी परीक्षा होते. पण सिस्टीम आणि तिला यंत्रभाषेत आणणारा कंपायलर दरवर्षी फुगत गेले आणि व्हॅक्सच्या तुटपुंज्या स्मृतीत ते काम रेटेना. मायक्रोव्हॅक्स-२ मध्ये जास्तीत जास्त १६ मेगाबाइट स्मृती मावते. आज मोबाइलमधला एखादा फोटोही त्याच्या जवळपास जातो. २०१६ मध्ये ओपनबीएसडीने व्हॅक्सला निरोप दिला. नेटबीएसडीने २०००च्या दशकाच्या सुरुवातीलाच दुसरी वाट धरली होती. कोणत्याही वेगवान संगणकावर बसून कोणत्याही जातीच्या यंत्राची सिस्टीम बांधता येईल अशी सोय त्यांनी केली. व्हॅक्सवर आठवडे खाणारे काम लॅपटॉपवर काही तासांत उरकते. यात एक चोरवाट आहे हेही खरे: बांधले जाते, म्हणून चालते असे नव्हे. कितीदा तरी असे झाले, की बांधणी सुरळीत, पण प्रत्यक्ष यंत्रावर पहिल्याच मिनिटाला गाडी बंद. ते कळायला कुणाच्या तरी घरी खरे व्हॅक्स चालू असावे लागते. बॉब सप्निक हे डेकचे जुने अधिकारी. त्यांनी व्हॅक्सची हुबेहूब नक्कल करणारा सिमएच हा प्रोग्राम बनवला, त्यामुळे यंत्र नसलेल्यांनाही हातभार लावता येतो. पण नक्कल ती नक्कल. तिचे कपॅसिटर सुजत नाहीत आणि तिच्या बोर्डावर बॅटरीचे पाणी सांडत नाही.

२०१९-२० मध्ये तर व्हॅक्सचा प्राण कंठाशी आला, आणि तोही व्हॅक्सशी काही देणेघेणे नसलेल्या कारणाने. नेटबीएसडी बांधली जाते ती जीसीसी या मुक्त कंपायलरने. कंपायलरवाल्यांनी जाहीर केले, की तुलनेचे निकाल नोंदवण्याची एक जुनी अंतर्गत पद्धत आम्ही मोडीत काढणार. ज्या यंत्रांचे भाग नव्या पद्धतीत आणले जाणार नाहीत ती अकराव्या आवृत्तीपासून वगळली जातील. यादीत व्हॅक्स होते, अमिगा आणि जुन्या मॅकिंटॉशमधली मोटोरोला ६८००० ही चिपही होती. कंपायलर गेला, की सिस्टीम उद्या नाही तर परवा जाणार. मोटोरोलावाल्यांनी वर्गणी काढली आणि एका जाणत्या कारागिराकडून २०१९ मध्ये काम करून घेतले. व्हॅक्सचे काम मासिए रोझित्स्की यांनी २०२० मध्ये अंगावर घेऊन मुदतीच्या आत पुरे केले. अकरावी आवृत्ती २०२१च्या एप्रिलमध्ये आली तेव्हा व्हॅक्स तिच्यात होते.

नेटबीएसडीने आता यंत्रांच्या दोन पंगती केल्या आहेत. पहिल्या पंगतीतल्या यंत्रांची जबाबदारी सगळ्या प्रकल्पाची. दुसऱ्या पंगतीतली यंत्रे ज्याला त्यांची आस्था असेल त्याने सांभाळायची. व्हॅक्स दुसऱ्या पंगतीत आहे. एखाद्या गावात शेवटचे दोन-तीन कारागीर उरावेत तशी त्याची माणसे मोजकी आहेत. ती थकली तर पुढच्या एखाद्या आवृत्तीत ते नाव नसेलही.

भाच्याला मी यातले काही सांगितले. त्याला सर्वांत जास्त गंमत वाटली ती घड्याळाची. व्हॅक्सच्या आत बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते, पण ते वर्ष जाणत नाही. ते सेकंदाच्या शंभराव्या भागांची नुसती मोजदाद करते आणि त्या मोजणीला जागा एवढीच, की सुमारे ४९७ दिवसांत ती भरून पुन्हा शून्यावर येते. यंत्र बनवणाऱ्यांच्या मते एवढे पुष्कळ होते. सव्वा वर्षाहून जास्त काळ कोण यंत्र बंद ठेवील? त्यामुळे बराच काळ पडून राहिलेले व्हॅक्स सुरू केले, की नेटबीएसडी आधी डिस्कवरची शेवटची तारीख पाहते, तिच्यावरून साल कोणते असावे याचा अदमास बांधते आणि तारीख तपासून घ्या, असा इशारा पडद्यावर देते. मात्र एकदा तारीख नीट सांगितली की पुढची काळजी नाही. १९ जानेवारी २०३८ रोजी जुन्या पद्धतीने सेकंद मोजणाऱ्या युनिक्स सिस्टीमांचे आकडे संपणार आहेत. नेटबीएसडीने २०१२च्या सहाव्या आवृत्तीतच आपल्या सगळ्या यंत्रांवर सेकंदांसाठी दुप्पट रुंद जागा करून ठेवली, आणि ‘सगळ्या’त व्हॅक्सही आले.